बोअर घेण्याआधी खडक वाचा



होळी झाली की आपल्या डोंगरपट्ट्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. राणीसावरगाव म्हणजे गंगाखेड तालुक्यातले रेणुकादेवीचे गाव. तिकडे गोदाकाठी पुरुषभर काळी माती, आणि इकडे आपण बालाघाटाच्या माळावर. हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली दगड. रात्रभर गाडी घरघरते, फुफाटा उडतो आणि घरची माणसे लिंबाखाली बसून वाट पाहतात. फुफाटा ओला झाला तर नारळ फुटतो. नाही झाला तर गाडी सकाळी निघून जाते आणि कर्ज तेवढे मागे राहते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका उन्हाळ्यात एका शेतकऱ्याने मला बांधावर गाठले. वयाने वडीलधारे, म्हणून मी त्यांना मामा म्हणतो. त्यांची दोन बोअर कोरडी गेली होती. म्हणाले, "साहेब, तुमी शिकलेले. शेजाऱ्याच्या बोअरला दोन इंची पाणी हाय अन् माझ्या बोअरला नुस्ती धूळ. मधी फकस्त एक बांध. असं कसं हो? तिसरं घ्यावं का नगं?"

मी कृषी पदविका झालेला माणूस. बियाणे, खत, कीड, बीजप्रक्रिया विचारा, सांगतो. पण जमिनीखाली दोनशे फुटांवर काय आहे, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी म्हणालो, "मामा, ते आमच्याकडं येत नाही. पाणाड्याला विचारा." त्यांनी विचारले. पाणाड्याने तळहातावर नारळ धरला, नारळ उभा राहिला, तिथे खूण केली. तिसरे बोअर चारशे फुटांच्या पुढे गेले. कोरडे. त्या पोळ्याला मामांच्या दारात बैल नव्हते.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते. विस्ताराचे काम करणारा माणूस "आमच्याकडे येत नाही" म्हणून हात झटकतो, तेव्हा शेतकऱ्याला किती मोजावे लागते, हे मी त्या दिवशी पाहिले.

मोबाइलवरचे कॉलेज

केंद्र सरकारने जुलै 2017 मध्ये 'स्वयम्' हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू केले. देशातल्या नामांकित संस्थांचे प्राध्यापक त्यावर शिकवतात. घरी बसून शिकण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले आणि नोकरी, शेती सांभाळून कितीतरी लोक त्यातून पदवीधर झाले. फरक एवढाच की पूर्वी पुस्तके टपालाने यायची, आता मास्तरच मोबाइलवर येतात.

तिथे मला पर्यावरणीय भूशास्त्राचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम सापडला. नाव जड आहे, पण विषय आपल्या दाराशी आहे. खडक, माती, पाणी, भूकंप, दरडी, खाणी, सांडपाणी यांचा माणसाच्या जगण्याशी काय संबंध, ते हे शास्त्र सांगते. मी नाव नोंदवले. घरी सांगितले तेव्हा बायको म्हणाली, "आता या वयात दगडं शिकता का?" मी म्हणालो, "दगडातच राहतो ना आपण."

पहिले दोन आठवडे जड गेले. भाषा इंग्रजी, आणि माझे शिक्षण सगळे मराठीतून. एक व्हिडिओ मी तीन-तीन वेळा थांबवून पाहिला. माळाच्या वळणावर रेंज जाते, म्हणून गंगाखेडला मीटिंगला गेलो की पाठ उतरवून घ्यायचे आणि रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून ओसरीवर बसून ऐकायचे. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला आपल्या विहीर खोदणाऱ्या माणसांचे शब्द. तिथे मला उमगले की या खडकांना आपल्या लोकांनी कधीच नावे देऊन ठेवली आहेत. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू. शास्त्र वेगळे काही सांगत नाही. ते त्याचे कारण सांगते.

आपल्या पायाखालचे मजले

ते कारण मी तुम्हाला साध्या भाषेत सांगतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून तप्त लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, अनेकदा. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मग मध्ये बराच काळ जाऊन दुसरा थर यायचा. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग अशा थरांनी झाकला आहे. यालाच बेसाल्ट म्हणतात, आणि आपली काळी माती याच खडकाची झीज होऊन तयार झाली आहे.

आता एक थर डोळ्यासमोर आणा. लाव्हा थंड होताना त्यातली वाफ आणि वायू वर आले, म्हणून थराच्या वरच्या भागात बुडबुडे राहिले. इडलीला जाळी पडते तशी. नंतर त्यात पांढरे खनिज भरले. हा आपला मांजऱ्या. तो झिजतो, मऊ पडतो, पाणी धरतो. थराचा खालचा भाग घट्ट, तो काळा पाषाण. त्याला चिरा असतील तरच पाणी, नसतील तर ठणठणाट. आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल, चिकणमातीसारखा पट्टा लागतो, तो गेरू. गेरू पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. म्हणून पुष्कळ विहिरींत गेरूच्या वरच्या अंगाने झरा वाहताना दिसतो.

थोडक्यात, आपल्या शिवाराखाली पाण्याची नदी नाही, तळेही नाही. मजल्यांची इमारत आहे, आणि पाणी त्या मजल्यांच्या चिरांत आणि झिजलेल्या पट्ट्यांत साठलेले आहे. शेजाऱ्याच्या बोअरला पाण्याची चीर सापडली आणि बांधाच्या अलीकडे सापडली नाही, यात नशीब नाही आणि देवाचा कोपही नाही. मामांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. ते मला दोन वर्षे उशिरा मिळाले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खडकाची झीज वरून होते. म्हणून पाणी धरण्याची जागा मुख्यतः वरच्या साठ-सत्तर फुटांत असते. जितके खोल जाल तितका खडक घट्ट आणि चिरा कमी. चारशे फुटांवर पाणी लागतच नाही असे नाही. पण ते फार जुने साठलेले असू शकते, आणि एकदा उपसले की पुन्हा भरायला पावसाळ्यामागून पावसाळे जातात. शिवाय खोल बोअर गेरूचा पट्टा फोडून गेले तर वरच्या मजल्यावरचे पाणी त्या भोकातून खाली उतरते. "बोअर घेतलं अन् शेजारची हीर आटली" ही तक्रार आपण ऐकतो. ती सगळीच मत्सरापोटी केलेली नसते.

म्हणूनच महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फूट आणि त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' मानून तिच्यावर निर्बंधाची तरतूद केली. आपल्याकडे बोअरची सुरुवातच दोनशेच्या पुढे मोजली जाते, हे ध्यानात घ्या.

उसाचा हिशेब

अभ्यासक्रमात एक गणित होते. मी ते आपल्या शिवाराला लावून पाहिले. पाटी-पेन्सिल घेऊन बसा.

एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. वर्षाला 800 मिलिमीटर पाऊस धरला तर हेक्टरी 80 लाख लिटर. त्यातले बरेचसे वाहून जाते, बरेचसे उन्हाने आणि पिकाने जाते. दहा टक्के मुरले असे धरू. म्हणजे 8 लाख लिटर.

आता ऊस. एका हेक्टर उसाला वर्षाला साधारण 2 हजार मिलिमीटर, म्हणजे 2 कोटी लिटर पाणी लागते. पन्नास लाख लिटर पावसाने भागवले असे समजा. उरले दीड कोटी. म्हणजे जवळपास 19 हेक्टरांवर मुरलेले पाणी एका हेक्टर उसाला. ते आणायचे कुठून? शेजाऱ्याच्या वाट्यातून. ठिबक केले तर ही गरज बरीच कमी होते, पण मिटत नाही.

मी ऊस लावू नका असे म्हणत नाही. कालव्याखाली आणि गोदाकाठी असलेल्यांचा हिशेब वेगळा आहे. पण माळावरच्या माणसाने बोअरच्या भरवशावर ऊस लावताना हे आकडे एकदा वहीत मांडून पाहावेत. मीसुद्धा पूर्वी मांडले नव्हते.

मामांची जुनी विहीर

अभ्यासक्रम संपत आला तेव्हा मी मामांकडे गेलो. म्हणालो, "मामा, मागं मी चुकीचं सांगितलं. आता तुमचं रान माझ्यासंगं फिरा." आम्ही नाल्याच्या कडेने चालत गेलो. नाल्याच्या काठाला थर उघडे पडलेले असतात, तेच आपले पुस्तक. एका वळणावर लाल पट्टा दिसला आणि त्याच्या वर मांजऱ्या. त्याच पातळीला वडिलांच्या काळची त्यांची विहीर होती. बोअरच्या नादात ती पडून होती. अर्धी गाळाने भरलेली, कडेला बाभळी.

मी त्यांना सांगितले की चौथे बोअर घेऊ नका. ही विहीर गाळ काढून मोकळी करा, आणि मगच पाहू. क्रेन लावून गाळ काढला. खाली गेरू लागला आणि त्याच्या अंगाने झिरपा सुरू झाला. वरच्या अंगाला नाल्यात पाणी अडवायची सोय केली. त्या साली मामांच्या हरभऱ्याला दोन पाणी मिळाले आणि जनावरांना मार्चपर्यंत पुरले. एवढेच. ऊस झाला नाही, बंगला झाला नाही. पण नवे कर्ज झाले नाही. मामा म्हणाले, "बापानं खोदली तव्हा त्याला कोणतं कालीज व्हतं?" मी हसलो. खरे आहे. त्याला दगड कळत होता. मधल्या पिढीत आपणच तो विसरलो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही मला नवा पाणाड्या समजाल. एका शेतकऱ्याला मी असाच आडव्या बोअरचा सल्ला दिला. विहिरीच्या तळाशी मांजऱ्या दिसत होता, म्हणून खात्री वाटली. तीन आडवी बोअर मारली, पाणी करंगळीएवढे आले. कारण तो मांजऱ्या झिजलेला नव्हता, त्याच्या पोकळ्या खनिजाने गच्च भरलेल्या होत्या आणि एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. ऑनलाइन शिकणाऱ्याची ही उणीव आहे. पडद्यावर खडकाचे चित्र दिसते, हातोडी मारल्यावर तो कसा वाजतो ते कळत नाही. माझ्या अभ्यासक्रमात हिमनद्या होत्या, समुद्रकिनारे होते, चुनखडकातल्या गुहा होत्या. आपल्या बेसाल्टच्या वाट्याला थोडाच वेळ आला. उरलेले शिक्षण नाल्यात आणि विहिरीतच घ्यावे लागते. मोठा खर्च करण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्यावा, हे मी आता स्वतःहून सांगतो.

जमीन हादरली तेव्हा

21 मार्च 2024 च्या सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. धक्के परभणी, नांदेडपर्यंत जाणवले. त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवसांत पारावर मला एकच प्रश्न विचारला जात होता. "एवढी बोअरं पाडल्यानं जमीन हलायली का?"

मी शिकलो ते असे. बोअर काहीशे फूट जाते. भूकंपाचे मूळ काही किलोमीटर खोल असते. बोअरने भूकंप होत नाही. पण खडक जुना आहे म्हणून तो हलणार नाही, हेही खरे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. तोवर दख्खनचे पठार स्थिर आहे असेच मानले जायचे. तिथे माणसे मारली ती जमिनीने कमी आणि भिंतींनी जास्त. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद, आणि झोपेची वेळ. आपल्या गावांतही तशी घरे अजून उभी आहेत. दरवर्षी माळवदावर नवी माती टाकून वजन वाढवण्याआधी विचार करा. भिंतीला फुगा आला असेल तर त्या भिंतीजवळ अंथरूण घालू नका. नवे घर बांधताना काँक्रीटचे आडवे पट्टे टाळू नका.

तुम्ही काय कराल?

शेतकरी बंधूंनो, या सगळ्यातून आजपासून करण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, विहिरीची पातळी मोजा. दोरीला दगड बांधा, हाताने मोजा, तारीख घाला, भिंतीवर लिहा. भूजल यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत घेते. तुम्हीही त्याच महिन्यांत घ्या. पाच वर्षांची नोंद हाती आली की रब्बीत काय पेरावे, हे विहीरच सांगेल.

दुसरी, कोणी बोअर घेत असेल तर दर दहा फुटांना निघालेली भुकटी मूठभर घेऊन पिशवीत भरा आणि वर फूट लिहा. लाल भुकटी कुठे आली, मऊ कुठे लागले, पाणी कुठे दिसले. कोरड्या गेलेल्या बोअरचीही नोंद ठेवा. गावातल्या वीस बोअरच्या अशा पिशव्या एकत्र मांडल्या तर एकविसाव्याचे पैसे वाचतील. आज प्रत्येक जण आपले बोअर पहिलेच असल्यासारखे घेतो.

तिसरी, कोरडे बोअर उघडे टाकू नका. 2006 साली हरियाणात प्रिन्स नावाचे पोर बोअरमध्ये पडले होते, सगळ्या देशाने ते पाहिले. ते वाचले. सगळी वाचत नाहीत. उघड्या बोअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नियम घालून दिले आहेत. टोपी बसवा, नाहीतर माती भरून बुजवा.

चौथी, पिण्यासाठी बोअरचे पाणी वापरत असाल तर ते तपासून घ्या. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवे. फ्लोराइड 1 मिलिग्रॅमच्या आत असावे, आणि दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालते. नायट्रेट युरियातून आणि उकिरड्यातून झिरपते, फ्लोराइड खडकातून येते. पाणी स्वच्छ दिसते, चव बदलत नाही, आणि पोरांच्या दातांवर डाग पडल्यावर मग कळते.

पोरांना सांगा

शेवटचे सांगणे घरातल्या शिकणाऱ्या पोरा-पोरींसाठी. मोबाइल हातात आहेच. 'स्वयम्'वर शिकण्याला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षा द्यावी लागते. माझ्या अभ्यासक्रमाला परीक्षेचे शुल्क एक हजार रुपये होते, घरच्या स्वाध्यायाला 25 आणि केंद्रावरच्या परीक्षेला 75 गुण होते. मी नांदेडला जाऊन परीक्षा दिली. शेजारच्या खुर्चीवर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरगी बसली होती, ती माझ्याआधी उठून गेली. मी काठावर का होईना, पास झालो.

त्या कागदाने माझा पगार वाढला नाही. पण आता बांधावर कोणी विचारले, "साहेब, बोअर घ्यावं का नगं?" तर मी "आमच्याकडं येत नाही" असे म्हणत नाही. मी म्हणतो, "चला, आधी नाला पाहू." कधी उत्तर सापडते, कधी सापडत नाही. न सापडलेले तसे सांगायचे, हेही मी शिकलो.

मामांचे दावण अजून रिकामेच आहे. औताला ते भाड्याचा ट्रॅक्टर बोलावतात. पण मागच्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा विहिरीच्या आतल्या भिंतीवर खडूने आकडे लिहिलेले दिसले. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. नातवाचे अक्षर होते. तुमच्या विहिरीवरही असे आकडे लिहिले जावोत, एवढेच मागणे.